ऑक्टोबर लागला की लांडग्यांची भांडणं: माय-लेकींना वेगळं कधी करायचं?

तरवड (प्रश्न)

दख्खनवरच्या एका प्राणीसंग्रहालयातल्या भारतीय लांडग्यांबद्दल विचारतोय. संग्रहालयाचं नाव मुद्दाम देत नाही.

एकच कुटुंब आहे. नर सहा वर्षांचा, मादी पाच वर्षांची, आणि मागल्याच्या मागल्या डिसेंबरात जन्मलेली तीन पोरं: दोन माद्या, एक नर. म्हणजे पोरांना आता बावीस महिने होतायत. आवार साधारण आठशे चौरस मीटर, प्रेक्षकांच्या बाजूला कोरडा खंदक, मागे तीन खोल्यांचं नाइट शेल्टर. शेल्टरला लागून साठेक चौरस मीटरचा क्राल (जाळीने बंद केलेलं छोटं आवार) आहे, तो सध्या रिकामाच असतो. दिवसा पाचही एकत्र. रात्री आई-बाप एका खोलीत, दोघी बहिणी दुसऱ्या, भाऊ तिसऱ्या.

दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. गेल्या दहा-बारा दिवसांत मात्र आई धाकट्या पोरीच्या मागे लागलीय (एकाच विणीच्या आहेत, पण अंगाने लहान तिला आम्ही धाकटी म्हणतो). मोठी बहीणही आईला सामील होते. धाकटी दिवसभर खंदकाच्या काठाने फिरते आणि मांस टाकलं तरी पुढे येत नाही. काल शेपटीच्या बुडाशी दोन दातांच्या खुणा दिसल्या. बाप आईच्या मागे मागे हुंगत असतो. तिने मुतलेल्या जागी लगेच पाय वर करून मुततो. रात्रीचं हुऽऽ करणंही वाढलंय.

आमच्याकडचं पाळणुकीचं मॅन्युअल अमेरिकन आहे. त्यात हंगाम फेब्रुवारीचा आणि पूर्वतयारी डिसेंबर-जानेवारीत करा असं म्हटलंय. वरिष्ठांचं म्हणणं, तोवर थांबू. कीपर मंडळी म्हणतात 'अल्फा' (कळपाचा पुढारी) बदलतोय, आपण मध्ये पडू नये. यातलं खरं काय? वेगळं करायचं तर कुणाला, आणि कधी?

---

बर्फाळ_कोल्हापूरकर

फेब्रुवारीची वाट बघू नका. ते मॅन्युअल पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस अक्षांशांवरच्या लांडग्यांसाठी लिहिलंय. तुमचे लांडगे सतरा-अठरावर राहतात.

लांडग्यांचा माज अक्षांशानुसार सरकतो. जितकं उत्तरेला जावं तितका तो उशिरा. इकडे अमेरिकेत, मिनेसोटात मीलन जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत होतं आणि पिल्लं एप्रिलच्या शेवटाला येतात. दख्खनमध्ये मीलन साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, आणि गाभण काळ साठ ते त्रेसष्ट दिवसांचा, म्हणून पिल्लं डिसेंबर ते फेब्रुवारी. तुमची पोरं डिसेंबरात जन्मली, म्हणजे त्यांच्या आईने ऑक्टोबरात माज दाखवला होता. मॅन्युअल बाजूला ठेवून जन्मनोंदवहीतून साठ-त्रेसष्ट दिवस मागे मोजले असते तरी उत्तर मिळालं असतं.

दुसरं असं की मादीचा माज वर्षातून एकदाच येतो, पण त्याची चाहूल फार आधी लागते. रक्ताळ स्रावाचा पूर्वकाळच पाच-सहा आठवडे चालू शकतो. नर घेण्याची प्रत्यक्ष तयारी त्यानंतरच्या आठवडा-दीड आठवड्याचीच. नरही हंगामी असतो. उन्हाळ्यात त्याचं वृषण लहान होतं, वीर्यनिर्मिती जवळपास थांबते आणि टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. दिवस आखडायला लागले की सगळं परत चढतं. बापाने आईच्या खुणेवर खूण करणं हे जोडीचं पक्कं लक्षण आहे. म्हणजे तुमचा हंगाम 'येणार' नाही, तो आलेलाच आहे.

लांडगे पाळणारे याला इकडे 'विंटर वुल्फ सिंड्रोम' म्हणतात. नाव रोगासारखं असलं तरी रोग नाही. जुलैत शांत असलेलं जनावर थंडीत एकेकाची परीक्षा घ्यायला लागतं, एवढाच अर्थ. हाताने वाढवलेल्या लांडग्यांच्या केंद्रांत म्हणूनच या दिवसांत आत जायचे नियम कडक होतात: एकट्याने जायचं नाही, लंगडणाऱ्याने किंवा हात गळ्यात बांधलेल्याने तर नाहीच. तुमच्याकडे आत जाण्याचा प्रश्न नाही, पण सफाईच्या वेळी 'जाळीपलीकडे आहे ना' म्हणून दार अर्धवट ठेवायची सवय कुणाला असेल तर ती आत्ताच मोडा.

मॅन्युअल फेकू नका, फक्त त्यातला प्रत्येक 'फेब्रुवारी' खोडून 'नोव्हेंबर' लिहा आणि बाकी तारखाही तीन महिने मागे घ्या. एका गोष्टीत मात्र तसं करू नका. केस गळण्याचं वेळापत्रक असं सरळ तीन महिने सरकत नाही. उन्हं तापली की दख्खनी लांडग्याचे पुंजके गळायला लागतात, आणि त्याला मुळात उत्तरेकडच्यासारखी दाट आतली लोकर नसते. त्यामुळे केस गळणं बघून 'हंगाम संपला' असा अंदाज बांधू नका.

---

काळीमाती

धाकटीबद्दल आधी बोलू, कारण ती अडचणीत आहे.

नेहमीची कुरबुर आणि खरा मार यांत फरक असतो आणि तो कानाने कळतो. कुरबुरीत आवाज फार. गुरगुर, किंचाळणं, तोंडात तोंड, एकीने दुसरीला पाठीवर पाडणं, आणि पाच-दहा सेकंदांत खेळ खलास. हरलेली उठते, अंग झटकते, शेपूट खाली ठेवून का होईना पण खायला येते. खरा मार मुका असतो. चावा थोबाडावर नसून मागून बसतो: मांडी, शेपटीचं बूड, कुशी. आणि मार खाणारी लोळण घेत नाही, कारण लोळण घेतली तरी सुटका नाही हे तिला कळून चुकलेलं असतं. ती पाठ कशाला तरी लावून उभी राहते. तुम्ही लिहिलेली दोन्ही चिन्हं, शेपटीच्या बुडाचे दात आणि खाण्याला न येणं, दुसऱ्या प्रकारातली आहेत.

खंदकाची कड ही तिच्यासाठी सगळ्यात वाईट जागा. पाठलागात ती आत पडेल, आणि कोरड्या खंदकात कोंडलेल्या लांडग्याला पळायला दोनच दिशा. दोन्हीकडून दोघी उतरल्या की संपलं. आजच्या आज खंदकात एका टोकाला मुरमाचा उतार करा, दीड-दोन मीटर रुंद, म्हणजे निदान वर येता येईल.

आवारात अडकवणारा एकही कोपरा नको. जिथे कुंपणाच्या दोन बाजू काटकोनात मिळतात तिथे मोठे दगड लावून कोपरा गोल करा. मध्ये मीटरभर उंचीचे आडोसे, दगडांचे ढीग, करवंदीची नाहीतर घाणेरीची जाळी, असे की पळणारी आडोशाला वळसा घालून नजरेआड होईल. लपायच्या प्रत्येक खोपटाला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असलेलं खोपट म्हणजे सापळा.

खाणं: वीसेक किलोच्या लांडग्याला दिवसाला दीड-दोन किलो हाडासकट मांस धरलं तर पाच जनावरांचे पाच वाटे होतात. तुम्ही सात करा. एकमेकांपासून किमान दहा मीटर, आडोशांच्या दोन्ही बाजूंना, आणि दोन माणसांनी एकाच वेळी दोन टोकांनी टाकायचे. एका जागी ढीग टाकला की आई त्यावर उभी राहते आणि धाकटीचा उपवास. आठवड्याच्या उपवासाच्या दिवशी सगळ्यांना उघड्यावर एकत्र उपाशी ठेवू नका. त्या दिवशी ज्याला त्याला आपापल्या खोलीत म्हशीच्या गुडघ्याचं हाड द्या, तासभर चघळू दे, मग सोडा.

आणि रात्री दोघी बहिणींना एका खोलीत कोंडणं आजपासून बंद. सगळ्यात वाईट जखमा उघड्या आवारात होत नाहीत, पहाटे चारला बंद खोलीत होतात. कुणी बघायला नसतं आणि पळायला जागा नसते.

भांडण लागलं तर आत कुणी जायचं नाही, काठी नाही, आरडाओरड नाही. ओरडण्याने बघणारे दोघेही भांडणात उतरतात. पाण्याचा जोराचा पाइप हाताशी ठेवा, आणि पहिलं काम म्हणजे सगळी सरकती दारं वर. हरणारीला बाहेर पडायला वाट मिळाली की निम्मी भांडणं तिथेच तुटतात.

---

हस्कीप्रेमी

मध्येच विचारतो. माझ्या हस्कीलाही थंडीत असं होतं का? आणि ते 'वुल्फडॉग' पिल्लू विकत मिळतं म्हणतात, ते भारतात ठेवता येतं का?

---

पशुवैद्य_माणदेश

हस्कीच्या प्रश्नाचं आधी उरकतो. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि कुत्रा बारा महिने तयार असतो. हंगामी चढउतार माणसाच्या संगतीत गळून गेला. हस्की थंडीत उड्या मारतो तो हवा आवडते म्हणून. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. खासगी माणसाला ठेवता येत नाही. 'वुल्फडॉग' म्हणून विकतात ते बहुतेक वेळा राखाडी रंगाचं कुत्रंच निघतं. आणि खरोखर लांडग्याचं रक्त असेल तर ती आणखी मोठी अडचण. पुढे याच धाग्यावर नको.

तरवड, आता तुमचं.

धाकटीच्या शेपटीच्या जखमेकडे दुर्लक्ष नको. लांडग्याच्या दाताचं भोक वरून ज्वारीच्या दाण्याएवढं दिसतं, पण ओढाताणीत आतली कातडी मांसापासून सुटते आणि खाली पोकळी होते. केस उभे असल्यामुळे ती दिसत नाही. ऑक्टोबर हीट म्हणजे माशांचा मोसम. एक-दोन दिवसांत किडे पडतात. तिला खोलीत घेऊन शेपटी एकसारखी चाटते का, बसताना एका कुल्ल्यावर बसते का बघा. तसं असेल तर भूल देऊन केस भादरा, सलाइनने पोकळी धुवा आणि जखम शिवून बंद करू नका, निचऱ्याला वाट ठेवा. भूल पहाटेच्या गारव्यात. दुपारी बारानंतर अजिबात नाही, भुलीखाली त्यांचं तापमान भराभर चढतं.

माज नक्की कुठवर आलाय हे बघायला रक्तचाचणीची घाई नको. नाइट शेल्टरमधला सिमेंटचा ओटा चुन्याने पांढरा करून घ्या. सकाळी आईची खोली धुण्याआधी कीपरने टॉर्च तिरका धरून ओटा बघायचा. पूर्वकाळात तांबूस-तपकिरी, नाण्याएवढे थेंब दिसतात, बहुतेक ती झोपते त्या जागेच्या कडेला. पहिला थेंब दिसला ती तारीख लिहून ठेवा. पुढे थेंब फिकट, पाणचट होत जातात, ती शेपूट बाजूला धरून उभी राहते, नर तिच्या पाठीवर हनुवटी ठेवतो. मग मीलन. गाठ पडली (नर-मादी एकमेकांत अडकली) की पंधरा मिनिटं ते अर्धा तास सुटत नाही, त्या वेळी दारं हलवू नका आणि पाइप मारू नका. गाठीतल्या जोडीवर तिसरं जनावर धावून जाणं हा नेहमीचा अपघात आहे, म्हणून त्या आठवड्यात मुलगाही वेगळा हवा.

आता 'गर्भनिरोधक इम्प्लांट टाकून सगळं शांत करू' असं कुणीतरी सुचवेलच. ऑक्टोबरात डेस्लोरेलिन टाकू नका. ते औषध पहिले दोन-तीन आठवडे उलटं काम करतं, आधी अंडाशयाला चालना देतं आणि मग दाबतं. हंगामाच्या तोंडावर टाकलं तर ज्या पोरी कदाचित उशिरा माजावर आल्या असत्या त्या लगेच येतील. टाकायचं तर जुलै-ऑगस्टात, आणि मादीत तेव्हासुद्धा आधी आणि नंतर आठवडाभर मेजेस्ट्रॉलचं (माज दाबणाऱ्या प्रोजेस्टिन गटातल्या संप्रेरकाचं) संरक्षण देऊन. नुसती प्रोजेस्टिनची दीर्घकाळ चालणारी इम्प्लांटं श्वानकुळात टाळावीत. गर्भाशयात पू होणं आणि स्तनांच्या गाठी, दोन्ही धोके खरे आहेत.

नसबंदीबद्दलही गैरसमज असतो. बापाची नसबंदी केली तर पिल्लं थांबतील, भांडणं थांबणार नाहीत, कारण संप्रेरकं तशीच राहतात. कुटुंबाची घडी मोडू द्यायची नसेल तेव्हा तोच तिचा फायदा. पण वर्षानुवर्षं माज येऊन गाभण न राहणाऱ्या मादीच्या गर्भाशयावर नजर ठेवावी लागते. शिवाय ही जोडी पैदास कार्यक्रमात असेल तर सेंट्रल झू ॲथॉरिटीला न विचारता असलं काही करूच नका.

---

ओघळ

'अल्फा बदलतोय' यावर थोडं. ही कल्पना आली कुठून ते कळलं की तुमच्या कीपर मंडळींशी बोलणं सोपं होईल.

प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणीसंग्रहालयातल्या लांडग्यांवर 1947 मध्ये लिहिलं. दहा मीटर बाय वीस मीटरच्या आवारात दहापर्यंत लांडगे होते. दोनशे चौरस मीटरमध्ये कोंडलेल्यांची नर-माद्यांची वेगवेगळी उतरंड त्यांना दिसली आणि ती जगभर 'लांडग्यांचा स्वभाव' म्हणून खपली. पुढे लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी, ज्यांनी स्वतः 'अल्फा' हा शब्द लोकप्रिय केला होता, 1999 मध्ये कॅनडातल्या मोकळ्या लांडग्यांवरून लिहिलं की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. पुढारपण आहे ते आई-बापाचं, कुस्ती मारून मिळवलेलं नाही.

पण यावरून 'पिंजऱ्यातली भांडणं खोटी' असं म्हणू नका. ती खरीच आहेत. फक्त त्यांचं कारण गादी नाही. मोकळ्या माळावर बावीस महिन्यांची लांडगी कुठे असते? सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळांवर बघितलं तर कळप बहुधा आई-बाप आणि एखाद-दोन विणींच्या पोरांचा असतो. वर्षा-दोन वर्षांची झाली की पोरं बाहेर पडतात. आईचं वागणं या दिवसांत कडक होतं, पोरगी चार दिवस लांब राहते, मग दहा किलोमीटर लांब, मग येतच नाही. आई तुमच्याकडेही तेच करतेय. ती धाकटीला 'जा' म्हणतेय. धाकटी खंदकाच्या काठाने फिरते ते म्हणूनच. तिला आवाराबाहेर जायचंय आणि बाहेर नाही. माळावर जी कुरबुर अंतराने मिटते ती इथे जखमेवर जाते. आठशे मीटर बाझलच्या चौपट असले तरी दहा किलोमीटर नव्हेत.

म्हणून 'आपण मध्ये पडू नये' हा सल्ला माळावर बरोबर, आवारात चूक. दार उघडून देण्याचं जे काम माळ करतो ते इथे तुम्हाला करायचंय.

वेगळं कुणाला? माझं मत काळीमातींच्या एक पाऊल पुढे: दोघी पोरींना. एकट्या धाकटीला काढलंत तर हंगामात आईची खरी प्रतिस्पर्धी असलेली मोठी शिल्लक राहते. आज ती आईला सामील होतेय, दोन आठवड्यांनी स्वतः माजावर आली की लक्ष्य तीच असेल. बळीचा बकरा काढला की दुसरा शोधला जातो. मिनेसोटातल्या इली गावच्या इंटरनॅशनल वुल्फ सेंटरसारख्या ठिकाणी कळपाने बाजूला टाकलेल्या म्हाताऱ्या लांडग्यांसाठी वेगळं निवृत्ती-आवार ठेवलेलं असतं. तसं इथे उलट्या वयाचं करा. पोरींचं आवार.

---

पशुवैद्य_माणदेश

ओघळ यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती. दोघी बहिणींना क्रालमध्ये कोंडण्याआधी जाळीआडून दोन दिवस बघा. मोठी जर आईवाचूनही धाकटीवर मुकाट चालून गेली तर दोघींना एकत्र ठेवून आपण फक्त भांडणाची जागा बदलली. साठ चौरस मीटरमध्ये ते आवारापेक्षा वाईट. तसं दिसलं तर क्राल मोठीला आणि धाकटी मधल्या खोलीत, दोघींना आळीपाळीने क्राल.

---

ओघळ

मान्य. पण धाकटीला पूर्ण नजरेआड, दवाखान्याच्या इमारतीत वगैरे नेऊ नका. दवाखान्यात काढलेला प्रत्येक दिवस परतीचा रस्ता बंद करतो. वास आणि जाळीतून नाकाला नाक लागणं चालू राहिलं पाहिजे.

आणि आई यंदा व्याली तर तिच्यासाठी घर तयार ठेवा, तेही नोव्हेंबरअखेर. माळावर लांडगी सायाळीचं जुनं बीळ रुंद करते, ओढ्याच्या दरडीत किंवा दगडाखाली उकरते. सिमेंटच्या खोलीत व्यायला लावू नका. आवाराच्या सगळ्यात शांत, उंच बाजूला, पाणी निचरेल अशी दोन बिळं करा. दोन कशाला, तर एक आवडलं नाही किंवा त्यात पिसवा झाल्या तर पिल्लं हलवायला दुसरं हाताशी हवं. तोंड पंचेचाळीस-पन्नास सेंटीमीटर, आत शिरल्यावर बोगद्याला एक वळण म्हणजे उजेड थेट आत जात नाही, आणि पुढे खोली सव्वा मीटर बाय एक मीटर, उंची सत्तर-ऐंशी सेंटीमीटर. तळ मुरमाचा, फरशीचा नको. गवत-पेंढा भरू नका, लांडगी तो ओढून बाहेर टाकते. कॅमेरा बसवायचा तर आत्ता, ती आत शिरण्याआधी.

पिल्लांचे डोळे दहा-चौदा दिवसांत उघडतात, तीन-चार आठवड्यांनी ती तोंडाशी येतात. तोवर त्या बाजूची झाडलोट बंद, खाणं नेहमीच्याच माणसाने, नेहमीच्याच वेळी. घाबरलेली लांडगी पिल्लं तोंडात धरून आवारभर फिरवत राहते, जानेवारीच्या पहाटेत ती गारठतात, मानेला दात लागतात. त्या तीन आठवड्यांत 'पाहुण्यांना पिल्लं दाखवा' असा फोन आला की साहेबांना हे वाक्य वाचून दाखवा.

---

तरवड

सगळ्यांचे आभार. गेल्या दोन दिवसांत केलेलं: धाकटीला मधल्या खोलीत घेतलं. डॉक्टर म्हणतात तशी पोकळी निघाली, साधारण अंगठ्याएवढी. किडे नव्हते. मोठीला दोन दिवस जाळीतून बघतोय, ती धाकटीवर धावत नाही, उलट रात्री जाळीला पाठ लावून तिच्याशेजारी झोपते. परवा दोघींना क्रालमध्ये सोडायचं ठरलंय. आईच्या ओट्यावर काल सकाळी पहिला थेंब दिसला.

दोन प्रश्न राहिले. पोरींना फेब्रुवारीत परत एकत्र करता येईल का? आणि पोरी माजावर येऊन गेल्या, नर मिळाला नाही, तर पुढे काही त्रास?

---

पशुवैद्य_माणदेश

दुसऱ्याचं उत्तर आधी. माज येऊन अंडं सुटलं की गाभण असो वा नसो, पुढचे दोन महिने अंगातलं प्रोजेस्टेरॉन सारखंच असतं. म्हणून डिसेंबरात पोरीही बीळ उकरतील, पोट सुटल्यासारखं दिसेल, सडांत दूधही येईल. त्याला खोटी गाभण म्हणा. माळावर याच पोरी आईच्या पिल्लांना सांभाळतात, क्वचित पाजतातही. घाबरून औषध देऊ नका, खाणं थोडं कमी करा. पण आईच्या बाबतीत तुम्हाला खरी-खोटी ओळखायची असेल तर प्रोजेस्टेरॉन तपासून काही कळणार नाही. तिसाव्या दिवसाच्या सुमाराला सोनोग्राफी, किंवा कुत्र्यांसाठी मिळणारी रिलॅक्सिनची (गाभणपणातल्या संप्रेरकाची) चाचणी. स्क्वीझ केजमध्ये (जनावराला दाबून स्थिर धरणाऱ्या पिंजऱ्यात) ती सहज येत नसेल तर दोन्ही सोडा. सुईसाठी केलेली झटापट गाभण लांडगीला परवडत नाही.

पहिल्याचं उत्तर: बहुधा नाही. तीन महिन्यांनी, वर नवी पिल्लं असताना, प्रौढ पोरींना आत सोडणं म्हणजे दोन अनोळखी लांडग्या सोडण्यासारखंच. देवाणघेवाणीचा प्रस्ताव आत्ताच टाका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-आय प्रमाणे प्राणी दुसऱ्या प्राणीसंग्रहालयात हलवायला ॲथॉरिटीची पूर्वपरवानगी लागते, आणि कागद फिरायला वेळ लागतो. जयपूर किंवा जुनागढच्या सक्करबागेसारख्या, लांडग्यांची पैदास झालेल्या ठिकाणांशी वेगळ्या रक्ताचा नर घेऊन एक पोरगी देण्याबद्दल बोलता येईल. दोघी बहिणी क्रालमध्ये कायमच्या राहणं हा उपाय नाही, साठ मीटर हंगामापुरते ठीक.

पुढच्या वेळी मात्र पिल्लांचं दुसरं वर्ष भरण्याची वाट बघू नका. बंदिस्त लांडगी दहाव्या महिन्यातही माजावर आल्याच्या नोंदी आहेत. यंदाची पिल्लं पुढच्या हंगामाला नऊ-दहा महिन्यांची असतील. त्यांची जागा ठरवायचं काम ऑगस्टातच.

---

काळीमाती

क्रालमध्ये सोडताना मोठीला आधी नाही, धाकटीला आधी. निदान दोन तास. जागा तिच्या ओळखीची झाली पाहिजे, मग मोठी. सकाळी पोट भरल्यावर, उपाशी नाही. आणि पहिल्या दिवशी मधलं दार पूर्ण वर, खालची खिट्टी अडकवून, म्हणजे धाकटीला खोलीत परत शिरायला वाट उघडी राहील.

मुलाचं डॉक्टर सोडून कुणी बोललं नाही. थेंब काल दिसलाय, म्हणजे अजून वेळ आहे, पण थेंब फिकट व्हायला लागले की त्याला दिवसाही खोली क्रमांक तीन. बाप त्याच्याकडे ताठ शेपूट करून, पाय कडक ठेवून चालायला लागला की एक दिवसही थांबू नका.

आज संध्याकाळी सगळ्या सरकत्या दारांच्या तारा आणि कप्प्या बघून घ्या. पावसाळाभर गंजलेल्या असतात. ग्रीस लावा आणि प्रत्येक दार एका हाताने, एका दमात वर जातं का ते स्वतः ओढून बघा. तिसऱ्या खोलीचं दार बहुतेक ठिकाणी अडकतंच, कारण ते रोज कुणी वापरत नाही.